दोन मॅच, एक कट्टा आणि आपली टीम



आपल्या हॉस्टेलवर दोन गोष्टींचा निकाल फार लवकर लागतो. एक मेसच्या भाजीचा आणि दुसरा आपल्या बास्केटबॉल टीमचा. भाजीचा निकाल पहिल्या घासाला लागतो, टीमचा दुसऱ्या मॅचला. सेमिस्टरच्या रिझल्टची शांतपणे वाट बघणारे आपण सगळे, टीम दोन मॅच हरून परत आली की रात्रीचं जेवण व्हायच्या आत मार्कलिस्ट वाटून मोकळे होतो. कॅप्टन नापास, सेंटर नापास, पॉइंट गार्ड ग्रेस मार्कांवर पास आणि स्पोर्ट्सच्या सरांना केटी!

यंदाही तेच झालं. आपली मुलांची टीम ऑगस्टअखेर बाहेरगावी दोन मॅच खेळली, दोन्ही हरली, आणि तेव्हापासून बी-विंगच्या जिन्यापासून कॅन्टीनच्या कट्ट्यापर्यंत एकच विषय चालू आहे. चालू राहावा, माझं काही म्हणणं नाही. कॉलेजच्या टीमबद्दल कुणी बोलतच नाही अशी वेळ येण्यापेक्षा चार शिव्या बऱ्या. पण आता हे नुसतं बोलणं राहिलेलं नाही. पुढच्या वर्षी बास्केटबॉलची एन्ट्रीच पाठवू नये, ते पैसे क्रिकेट आणि व्हॉलीबॉलला द्यावेत, अशी सूचना जिमखाना कमिटीकडे गेली आहे. दुसरीकडे एस.ई.चा आपला सेंटर आठवडाभर प्रॅक्टिसला फिरकलेला नाही. का, असं विचारलं तर म्हणाला, "मेसमध्ये ताट घेऊन बसलो की चार जण माझे फ्री थ्रो मोजतात." म्हणजे कट्ट्यावरच्या गप्पांची किंमत एका खेळाला आणि एका पोराला मोजावी लागणार आहे. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सीझनच्या सुरुवातीच्या दोन मॅचवरून काही गोष्टी कळतात आणि बऱ्याच गोष्टी अजिबात कळत नाहीत. आपण मात्र जे कळत नाही त्यावर बेधडक निकाल देतो, आणि जे कळतं त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आधी माझी लायकी सांगतो. मी टीममध्ये नाही. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाला टीममध्ये बेंचसुद्धा मिळत नाही. मी टेबलावर बसतो, स्कोअरशीट भरतो आणि माझ्या स्वतःच्या वहीत थोडं जास्तीचं टिपून ठेवतो. कोणी किती शॉट मारले, कोणी बॉल कुठे घालवला, कोण परत धावत आला आणि कोण चालत आला. कट्ट्यावर स्कोअर सगळ्यांना तोंडपाठ असतो. वही मात्र कुणी मागत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. आपला सीझन सुरू कधी होतो? विद्यापीठाच्या स्पर्धा आधी विभागवार होतात, आपण कोकण विभागात. तयारीचे दिवस म्हणजे जुलै-ऑगस्ट. आणि आपल्या किनाऱ्यावर वर्षाकाठी जो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. जिमखान्यामागचं आपलं कोर्ट उघडं, सिमेंटचं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच्यावर असं शेवाळ धरतं की तिथे ड्रिबलिंग करण्यापेक्षा स्केटिंग सोपं. बॉल भिजला की जड होतो आणि हातातून सुटतो. खाऱ्या हवेने रिंगला गंज धरतो तो वेगळाच. पोरं मग पॅसेजमध्ये पासिंग करतात आणि रेक्टर सरांच्या खोलीचं दार उघडलं की पळतात. ही आपली 'प्री-सीझन'.

यातली गंमत अशी, की हा खेळ जन्मालाच आला तो बाहेरची हवा खराब म्हणून. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावात वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर कडाक्याचा हिवाळा, आत अठरा वैतागलेली पोरं. त्यांना छपराखाली खेळता येईल असा काहीतरी खेळ शोधायचा होता. नेस्मिथनी पीच फळांच्या दोन टोपल्या जिमच्या गॅलरीला दहा फुटांवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांच्या दोन टीम केल्या. पहिल्या मॅचचा स्कोअर झाला १-०. (आपला कट्टा त्या दिवशी तिथे असता तर 'ऑफेन्स अजिबात नाही, बंद करा हा खेळ' असा ठराव झाला असता.) तर जो खेळ छपरासाठी तयार झाला, तो आपण कोकणच्या पावसात उघड्यावर खेळतो, आणि पहिल्या मॅचला बंदिस्त हॉलमध्ये नेऊन आपल्या पोरांना उभं करतो. त्या फरशीवर बॉल वेगळा उसळतो, बूट वेगळे धरतात. पहिला क्वार्टर तर पाय कुठे टाकायचा हे कळण्यातच गेला.

दुसरी गोष्ट, टीममध्ये आहे कोण? आपण लहान कॉलेज. मोठ्या कॉलेजात एक सेंटर आजारी पडला तर दुसरा सहा फुटी तयार असतो. आपल्याकडे सहा फुटी दोन, त्यातला एक बी.ई.ला, प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूडच्या मागे. एफ.ई.ची पोरं कॅप राउंड संपून हॉस्टेलवर येईपर्यंत पहिल्या मॅच होऊन जातात. डिप्लोमा करून थेट एस.ई.ला येणाऱ्यांचंही तेच, आणि त्यांच्यात दरवर्षी एक-दोन तरी चांगले खेळणारे असतात. म्हणजे ऑगस्टमध्ये आपण जिला 'आपली टीम' म्हणून झोडपतो ती टीम अजून पूर्ण झालेलीच नसते. दशावतार बघायला गेलेला माणूस, संकासुराचा एक विनोद पडला म्हणून आख्यान सुरू व्हायच्या आत उठून घरी जात नाही. आपण मात्र गणपती नाचून आत जायच्या आत खुर्च्या उचलायला लागतो.

कोणी म्हणेल, ही सगळी कारणं झाली, आकडे काय सांगतात ते बोल. बोलतो. इंजिनिअर आहोत, आकड्यांना घाबरायचं कारण नाही.

सेंटरच्या फ्री थ्रोंवरून सध्या सगळ्यात जास्त तमाशा चालू आहे. त्याने दोन मॅचमध्ये मिळून दहा मारले, तीन गेले. 'तीस टक्के! याला हातच नाहीत!' आता एम-फोरची वही काढा. समजा हा पोरगा मुळात पन्नास टक्के वाला आहे, म्हणजे शंभरात पन्नास घालणारा. अशा पोराने दहा मारले तर तीन किंवा त्याहून कमी जाण्याची शक्यता किती? बायनॉमियल मांडा: १ अधिक १० अधिक ४५ अधिक १२०, भागिले १०२४. म्हणजे १७६ भागिले १०२४. साधारण सतरा टक्के, सहातून एकदा. फाशावर सहा पडावा इतकी साधी गोष्ट. दहा फ्री थ्रोंवरून हा तीस टक्के वाला आहे की पन्नास टक्के वाला हे सांगताच येत नाही. शंभर मारू द्या, मग बोलू. पन्नास टक्के वाला शंभरात साधारण चाळीस ते साठच्या मध्ये राहतो. तिथे तीस आले तर मात्र खरोखर हातात खोट आहे असं समजा.

याची उलटी बाजूही बघा. दुसऱ्या मॅचमध्ये आपल्या एका फॉरवर्डने चारपैकी तीन थ्री-पॉइंटर घातले आणि तो रातोरात हिरो झाला. चांगलंच झालं. पण पंचवीस टक्के वाल्या साध्या शूटरच्या हातूनही चारात तीन जाण्याची शक्यता पाच टक्के असते. सीझनभरात दहा-बारा जण चार-चार थ्री टाकत राहिले तर कुणा ना कुणाचा असा दिवस उगवणारच. पुढच्या मॅचला त्याचे चारही चुकले की हाच कट्टा त्याला 'हवा गेली डोक्यात' म्हणणार. हवा वगैरे काही नसते हो. नमुना लहान असतो, एवढंच.

छोट्या नमुन्याची ही भानगड आपल्या सिलॅबसमध्येच आहे. टी-टेस्ट पाठ करताना 'स्टुडंट' हे नाव आपण लिहितो ना, तो कुणी विद्यार्थी नव्हता. विल्यम गॉसेट नावाचा माणूस डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होता. तिथे थोड्याच नमुन्यांवरून मालाचा अंदाज बांधावा लागायचा, आणि थोड्या नमुन्यांवर किती भरवसा ठेवायचा हा त्याचा प्रश्न होता. १९०८ साली त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने त्यावर पेपर लिहिला. बिअरवाल्यांना जे शंभर वर्षांपूर्वी कळलं ते आपण पेपरात लिहून मार्क मिळवतो आणि मेसमध्ये येऊन विसरतो.

मग दोन मॅचमधून काहीच कळत नाही का? कळतं. इथे मी टीमच्या बाजूने नाही हे लक्षात घ्या.

पहिल्या मॅचला आपण ३१-५८ हरलो. माझ्या वहीप्रमाणे त्या मॅचमध्ये आपण शॉट न मारताच २८ वेळा बॉल समोरच्यांच्या हातात दिला. कधी ट्रॅव्हलिंग, कधी बाहेर पास, कधी सरळ हातातून हिसकावला. नुसता बॉल सांभाळला असता तर जिंकलो असतो असं नाही, पण अठ्ठावीस वेळा तयार ताट समोरच्याला वाढून आपण उपाशी राहिलो, हे खरं. दुसऱ्या मॅचला हाच आकडा १७ झाला आणि आपण ४४-४९ ने हरलो. पाच पॉइंटने. कट्ट्यावर दोन्ही मॅचचं वर्णन एकच: 'परत हरले'. अरे, सत्तावीसने हरणं आणि पाचने हरणं यात काहीतरी झालं की नाही? आणि जे झालं ते शूटिंगमध्ये झालं नाही. शूटिंग दोन्ही मॅचला सारखंच सुमार होतं. सुधारणा झाली ती बॉल सांभाळण्यात, कारण मधल्या दिवसांत सरांनी पॅसेजमध्ये का होईना फक्त पासिंगच घेतलं.

हा माझा शोध नाही. डीन ऑलिव्हर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाचं २००४ साली बास्केटबॉलच्या आकडेवारीवर पुस्तक आलं. मॅच चार गोष्टींवर जिंकली-हरली जाते असं तो म्हणतो: शूटिंग, बॉल घालवणं, रिबाउंड आणि फ्री थ्रो. यात शूटिंगचं वजन सर्वांत जास्त आणि त्याच्या खालोखाल बॉल घालवण्याचं. माझ्या मते आपल्यासारख्या टीमने याचा अर्थ असा घ्यावा. शूटिंग नशिबाने वरखाली होतं आणि सुधारायला महिने लागतात. बॉल सांभाळणं, शॉट चुकला की धावत परत येणं, बॉक्स-आउट करून रिबाउंड घेणं, हे नशिबावर कमी आणि सवयीवर जास्त अवलंबून. सुरुवातीच्या मॅचमध्ये बघायचं असेल तर हे बघा. पावसाचं कारण शूटिंगला चालेल, पण समोरच्याने फास्ट ब्रेक मारला तेव्हा आपले तीन जण कमरेवर हात ठेवून चालत येत होते, त्याला पाऊस काय करणार? तिथे शिव्या घाला, मी तुमच्या बरोबर आहे. पण सध्या शिव्या खातोय तो सेंटर, आणि परत धावत येणाऱ्यांत तो दोन्ही मॅचला पहिला होता. वहीत लिहिलेलं आहे, येऊन बघा.

लहान कॉलेजच्या टीमवर जीव टाकणारे आणि पहिल्याच आठवड्यात तिचे पंचनामे करणारे लोक फक्त आपल्याकडे नाहीत. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा सीझन नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि तिथे शेकडो छोटी कॉलेजं अशी आहेत की ज्यांच्या वर्गात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, खेळासाठी स्कॉलरशिप द्यायलाच परवानगी नाही. पोरं अभ्यास सांभाळून हौसेने खेळतात, आपल्यासारखीच. अशाच एका ग्रिनेल नावाच्या कॉलेजात २० नोव्हेंबर २०१२ ला, सीझन नुकता सुरू झालेला असताना, जॅक टेलर नावाच्या पोराने एका मॅचमध्ये १३८ पॉइंट केले. एकट्याने! जगभर बातमी झाली. स्कोअर १७९-१०४.

आता वहीवाल्याच्या नजरेने बघा. टेलरने त्या दिवशी १०८ शॉट मारले, ५२ गेले. ३६ मिनिटं तो खेळला, म्हणजे मिनिटाला तीन शॉट. त्यांच्या टीमची पद्धतच अशी, की सतत प्रेस करायचं, भराभर बदली खेळाडू आत पाठवायचे आणि मिळेल तिथून थ्री टाकायचा. आणि समोरची टीम? तिच्या डेव्हिड लार्सन नावाच्या पोराने ४४ शॉटमध्ये ३४ घातले, ७० पॉइंट केले आणि तरी ती पंचाहत्तर पॉइंटने हरली. नुसते पॉइंट बघणाऱ्याने या मॅचवरून काय सांगावं? हरलेल्या टीमने १०४ पॉइंट केले म्हणून तिचा ऑफेन्स आपल्यापेक्षा अडीच पट भारी? तसं नाही. बॉल इतक्या वेळा इकडून तिकडे गेला की दोघांचेही आकडे फुगले. किती पॉइंट केले यापेक्षा किती वेळा बॉल हातात आला आणि त्यातून काय केलं, हे विचारायला हवं. आपण ३१ का केले आणि ४४ का केले याचं उत्तरही तिथेच आहे.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या समुद्रकाठच्या कॉलेजची. हवाई बेटांवर होनोलुलुला शॅमिनाड नावाचं कॉलेज आहे. १९८२ साली तिथे हजारसुद्धा विद्यार्थी नव्हते. त्या वर्षी २३ डिसेंबरला, सीझनच्या पहिल्या टप्प्यातच, त्यांची गाठ पडली व्हर्जिनियाशी. व्हर्जिनिया देशात पहिल्या नंबरवर, एकही मॅच न हरलेली, आणि तिचा सेंटर राल्फ सॅम्पसन सव्वासात फुटांच्याही वर. शॅमिनाडने ती मॅच ७७-७२ ने जिंकली. मी हे 'आपणही असा चमत्कार करू' म्हणून सांगत नाही. चमत्कारावर टीम चालत नाही. सांगायचं ते इतकंच, की कॉलेजची पटसंख्या बघून मॅचचा निकाल आधी लिहून ठेवता येत नाही. मात्र त्यासाठी मॅचला उतरावं लागतं. शॅमिनाडच्या जिमखाना कमिटीने एन्ट्रीच पाठवली नसती तर?

आणि हरण्याचंच म्हणाल तर ज्यांनी हा खेळ शोधला त्या नेस्मिथ सरांचं ऐका. ते पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या टीमचे पहिले कोच झाले. तिथला त्यांचा हिशेब ५५ विजय, ६० पराभव. ज्या माणसाने नियम लिहिले तोच जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरला! त्यांच्या विद्यापीठाने त्यांना काढलं नाही. आज त्याच कॅन्ससची टीम अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या कॉलेज टीमपैकी एक आहे.

लांब कशाला जायचं? आपल्या देशाची पुरुषांची टीम ऑलिंपिकला एकदाच खेळली, १९८० साली मॉस्कोला, आणि सगळ्या मॅच हरली. तरी त्यावरून 'भारतात बास्केटबॉल बंद करा' असं कुणी म्हटलं नाही. मुंबईत नागपाड्याच्या गल्ल्यांमधून पिढ्यान् पिढ्या बास्केटबॉलपटू घडले. भारताचे कॅप्टन राहिलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर त्याच नागपाड्याचे. दाटीवाटीच्या वस्तीत असा खेळ का रुजला? कोर्ट होतं, ते रोज चालू होतं आणि भोवती बघणारी माणसं होती. खेळाडूंना टोमणे तिथेही बसत असणार, पण टोमणे मारणारा दुसऱ्या दिवशी परत बघायला येत होता. आपल्याकडे टोमणे मारणाऱ्यांपैकी किती जणांनी यंदा एक तरी प्रॅक्टिस बघितली? हात वर करा. मी मोजतो, मोजायची मला सवय आहे.

आता समोरच्या बाजूचा मुद्दा टाळत नाही, कारण तो खरा आहे. पैसा थोडा आहे. क्रिकेट आणि व्हॉलीबॉल खेळणारी पोरं जास्त आहेत. गावागावात व्हॉलीबॉलची नेट आणि टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा आहे, बास्केटबॉलची रिंग नाही. 'जे खेळतात त्यांना द्या' यात चूक काय? चूक नाही. पण एन्ट्री बंद करून वाचणार किती? प्रवास, जेवण आणि एन्ट्री फी. बॉल आणि रिंग तर आधीच विकत घेतलेली आहे. आणि एकदा एक वर्ष टीम गेली नाही की ती परत उभी राहत नाही, हा लहान कॉलेजचा नियम आहे. मोठ्या कॉलेजात सीनिअर गेले तरी ज्युनिअर असतात. आपल्याकडे चार वर्षांची साखळी एका वर्षी तुटली की खेळ शिकवणारा कुणी उरत नाही. मग कोर्टावर मोटरसायकली लागतात. तशी कोर्टं आपण सगळ्यांनी आपापल्या गावाकडे बघितलेली आहेत.

आमचे मेसचे काका मालवणचे. घरी रापण आहे. पहिल्या मॅचनंतर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय रे झिलांनो, परत हरलास?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी एन्ट्री बंद करायची चर्चा त्यांच्या कानावर गेली तेव्हा मात्र आमटी वाढता वाढता थांबले आणि म्हणाले, "पयल्या रापणीत मासो गावलो नाय म्हणान कोण होडी इकता काय रे?" नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्रात उतरणारा माणूस पहिल्या दिवसाच्या टोपलीवरून वर्षाचा हिशेब करत नाही. जाळं फाटलंय का, दोर नीट ओढला गेला का, हे मात्र तो पहिल्याच दिवशी बघतो. मी इतके शब्द खर्चून जे सांगतोय ते काकांनी आमटीच्या एका डावात सांगितलं.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत, जिमखाना कमिटीने त्याही फाईलला लावाव्यात.

पहिली, एन्ट्रीचा निर्णय सीझन संपल्यावर, सगळ्या मॅचचा हिशेब समोर ठेवून घ्यावा. जिंकलो किती, एवढ्यावर नाही. बॉल घालवण्याचा आकडा खाली आला का, नवीन किती पोरं खेळायला लागली, हेही बघावं. हे आकडे सुधारले नाहीत तर खुशाल चर्चा करा, मी स्वतः वही घेऊन मीटिंगला येईन.

दुसरी, स्टाफला नम्र विनंती. सर, मॅडम, पंचाहत्तर टक्के अटेंडन्सचा नियम आम्हाला मान्य आहे. पण मॅचच्या दिवशी चुकलेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करून घ्यायची सोय आधीच कळली, तर पोरं बसमध्ये जर्नलची काळजी करत बसणार नाहीत. आणि वर्कशॉपच्या शेडमध्ये पावसाळ्यात संध्याकाळी तासभर जागा मिळाली तर ड्रिबलिंग आणि पासिंग तरी कोरड्या जमिनीवर होईल. कोर्टावर पत्रे घालण्याचं स्वप्न सिव्हिलवाल्यांनी प्रोजेक्ट म्हणून तरी कागदावर आणावं. किनाऱ्यावरचा वारा धरून डिझाईन करा, मार्कही मिळतील.

तिसरी, टीमला. सरावाला वेळेवर या. शॉट चुकला तर चुकला, पण कमरेवर हात ठेवून चालत परत येऊ नका. गॅलरीतून सगळं दिसतं.

आणि शेवटची, कट्ट्याला. बोला, भरपूर बोला. आपलं लहान कॉलेज, आपल्याबद्दल पेपरात कुणी लिहिणार नाही, आपणच बोललो तर टीमला आपण आहोत हे कळणार. फक्त बघून बोला. 'किती हरलो' याच्या पुढे एक प्रश्न विचारा, 'कशामुळे हरलो?' तेवढ्याने अर्ध्या गप्पा शहाण्या होतील, आणि उरलेल्या अर्ध्या तशाच राहिल्या तरी चालेल, टाइमपास पण पाहिजे.

सप्टेंबर उतरला की पाऊस कमी होतो, एफ.ई.ची नवी पोरं येतात, कोर्टावरचं शेवाळ खरवडून काढता येतं. ब्रश आणि ब्लीचिंग पावडर जिमखान्यात आहे, हात कमी आहेत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही कोर्ट घासणार आहोत. त्यानंतर सेंटरने शंभर फ्री थ्रो मारायचं कबूल केलं आहे, एका अटीवर, की मोजणारा मी नको, मेसमध्ये मोजणाऱ्या चौघांपैकी कुणीतरी हवा. तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे. वही आणि पेन मी देतो.